व्हायवाची खुर्ची

माझे वडील हिंगणघाटच्या एका कॉलेजात शिपाई होते. पीएच.डी.चे जितके व्हायवा त्यांनी पाहिले तितके आमच्याकडच्या कित्येक प्राध्यापकांनीही पाहिले नसतील. फरक एवढाच, की प्राध्यापक बसून पाहतात आणि बाबांनी ते दाराशी उभं राहून पाहिले, हातात चहाचा ट्रे घेऊन.

ज्यांच्या घरात कुणी या फंदात पडलेलं नाही, त्यांच्यासाठी सांगते. प्रबंध लिहून, तपासून आला की शेवटी एक तोंडी परीक्षा होते. तिला सगळे व्हायवाच म्हणतात. ती खुली असते. दुसऱ्या विद्यापीठातून एक परीक्षक येतो, शेजारी गाइड बसतो, आणि समोरच्या खुर्च्यांवर कुणीही येऊन बसू शकतं. आमच्याकडे अख्खं घरदार येऊन बसतं. खेड्यावरचे काका, कडेवर लेकरू घेतलेली बहीण, झालंच तर घरमालक. प्रबंधातलं अक्षर कुणाला कळत नाही, पण टाळ्या कधी वाजवायच्या ते बरोबर कळतं. मग शाल, नारळ, पेढे आणि आलूबोंडे.

व्हायवाच्या दिवशी बाबा घरी आले की आम्हाला सगळं साग्रसंगीत ऐकायला मिळायचं. कुणाला घाम फुटला, कुणाची आई रडली, कुठल्या परीक्षकानं आलूबोंडा दोनदा मागून घेतला. चहाचा क्रम त्यांनी स्वतःच ठरवला होता आणि तो कधी मोडला नाही. पहिला कप बाहेरच्या साहेबांना. मग गाइड, मग प्राचार्य, मग बाकीची मंडळी. ज्याचा व्हायवा, त्याला निकाल सांगेपर्यंत चहा नाही. "त्याचा हात कापते, सांडून टाकते," असं त्यांचं म्हणणं. आणि पहिला कप चुकून दुसऱ्या कुणाकडे गेला तर बाहेरचे साहेब वाकडे प्रश्न विचारतात, अशी त्यांची पक्की समजूत होती. त्याला पुरावा विचारायची सोय नव्हती.

अशाच एका संध्याकाळी, मी अकरावीत असेन, ते पाय धुऊन ओट्यावर बसले आणि मला म्हणाले, "तू शिक. तुह्या व्हायवाले मी ट्रे नाई धरनार. पयल्या लाइनीत खुर्चीवर बसीन. चहा दुसरा कोनी आनून देईन."

आई आतून म्हणाली, "अन् मी?"

"तू बी बसजो."

"मले सुट्टी कोन देईन?" आई म्हणाली, आणि खोकली.

आई जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला जाते. दिवाळीनंतर कापूस यायला लागला की गावातल्या जिनिंग सुरू होतात. कापूस मशीनमध्ये जाण्याआधी त्यातली कवडी म्हणजे किडका कापूस, पाला, काडीकचरा हातानं वेचून काढावा लागतो, आणि हे काम बायांचं. दिवसभर हवेत रुईची धूळ असते. आई घरी आली की केसांवर पांढरं बसलेलं असायचं. लहानपणी मला वाटायचं, आई रोज संध्याकाळी म्हातारी होते आणि सकाळी परत तरणी होते. आता ते पांढरं धुऊन जात नाही.

मी समाजशास्त्रात एम.ए. केलं ते आईमुळेच म्हणायला हरकत नाही. त्या जिनिंगमधल्या बायांची एक रीत आहे. मशीनजवळ धूळ सगळ्यात जास्त आणि दाराजवळ सगळ्यात कमी. मालकाला, मुकादमाला कोण कुठं बसतं याच्याशी काही देणंघेणं नाही. पण बायांनी आपापसात ठरवलेलं आहे. नवी बाई मशीनजवळ बसते. दर हंगामाला एकेक जागा सरकत सरकत ती दाराकडे येते. दाराची जागा मिळायला अर्धं आयुष्य जातं. पण एखादी पोटुशी आहे असं कळलं, तर दाराजवळची बाई काही न बोलता उठते आणि आपली जागा तिला देऊन स्वतः मशीनजवळ जाऊन बसते. कुणी कुणाला सांगत नाही. आईनं आपली जागा अशी किती जणींना दिली ते तिच्या लक्षातही नाही.

यावर मला पीएच.डी. करायची होती. म्हटलं तर एवढंसं काम. आईला सांगितलं तर ती हसायलाच लागली. "कोन कोठी बसते याच्यावर पीएचडी? बाप्पा! तुले दुसरं काई नाई भेटलं का वं?"

विद्यापीठाची प्रवेश परीक्षा मी पास झाले तेव्हा आमच्या वॉर्डातल्या पोरांनी विहाराजवळच्या चौकात फ्लेक्स लावला. त्यावर माझा बारावीचा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरात 'पीएच.डी. परीक्षा उत्तीर्ण'. खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. ती परीक्षा म्हणजे नुसतं फाटकाच्या आत पाय ठेवणं. आत गेल्यावर आपल्याला घ्यायला तयार असलेला गाइड शोधायचा, आराखडा लिहायचा, तो समितीपुढे मांडायचा, मंजूर झाला तर नोंदणी. त्यानंतर खरं काम. हे वॉर्डात कुणाला समजावून सांगणार? विहारात माझा सत्कार झाला. एक आजीबाई दुसऱ्याच दिवशी गुडघा दाखवायला आल्या. बाबांना तेवढा फरक कळत होता. ते सत्कारात मागे बसले आणि घरी आल्यावर म्हणाले, "हे लोक लय घाई करून राह्यले. आंधी गाइड पाय."

गाइड पाहणं म्हणजे मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम. फक्त इथे मुलीनं स्वतःच दारोदार जायचं. एका गाइडकडे ठरावीक जागा. ज्यांच्याकडे जागा होत्या ते एकेक करून निवृत्त झाले आणि त्यांच्या पदांवर कुणी आलंच नाही. समाजशास्त्राच्या रिकाम्या जागांची यादी निघाली ती पाटीसारखी कोरी. ज्यांना विचारलं ते म्हणाले, आता सगळं आंतरविद्याशाखीय आहे, दुसऱ्या विषयात बघा, संधी भरपूर आहेत. म्हणून मी संधी बघायला निघाले.

वर्ध्याला अर्थशास्त्राच्या सरांनी माझा कागद चष्मा कपाळावर चढवून वाचला. म्हणाले, विषय छान आहे, पण यात उत्पादकता आणा. दाराजवळची बाई तासाला किती कापूस निवडते आणि मशीनजवळची किती. मराठीच्या मॅडमना बायांच्या म्हणी हव्या होत्या. म्हणी मिळाल्या तर घेते, म्हणाल्या. ग्रंथालयशास्त्राच्या सरांकडे जागा होती, ते म्हणाले या महिलांच्या वाचनसवयींवर करा. मी म्हटलं, सर, त्या वाचत नाहीत. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "मग तोच निष्कर्ष." तळेगावला एक सर राहायचे, शारीरिक शिक्षणाचे. आर्वीमार्गे एसटीनं हाडं खिळखिळी करत तिथवर गेले. त्यांनी बाहेर खाटेवर बसवलं, पाणी दिलं, आणि विषय सुचवला: कापूस वेचणाऱ्या महिलांच्या पाठदुखीवर योगासनांचा परिणाम. आई जिनिंगच्या अंगणात शीर्षासन करते आहे असं मला दिसायला लागलं. हसू दाबत परत आले आणि बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडले.

दर दाराशी आई वेगळी व्हायची. कुठे मजुरीचा खर्च, कुठे म्हणींची पोतडी, कुठे दुखरी पाठ. शेजारणीसाठी जागेवरून उठणारी बाई कुठल्याच विषयात बसत नव्हती.

त्यातल्या त्यात गृहविज्ञानाच्या मॅडम माझ्याशी सगळ्यात चांगल्या वागल्या. त्यांच्याकडे जागा रिकामी होती. म्हणाल्या, "तुझ्या बायका त्याच ठेवू. फक्त त्यांच्या रक्तातलं लोह मोजू. आहार विचारू. तक्ते होतात, काम लवकर होतं."

"आणि दाराच्या जागेचं काय, मॅडम?"

"ते प्रस्तावनेत टाक ना."

मी नाही म्हटलं. मॅडमना राग आला नाही. "विचार कर," एवढंच म्हणाल्या. घरी येऊन बाबांना सांगितलं, तर त्यांनी जेवताना मान वर केली नाही. हात धुताना म्हणाले, "जागा होती ना पन?" मी म्हटलं, होती, पण माझ्या कामासाठी नव्हती.  ते वाद घालत नाहीत, फक्त लवकर झोपतात.

शेवटी समाजशास्त्राचेच एक सर भेटले. त्यांचा एक विद्यार्थी प्रबंध देण्याच्या बेतात होता. सर म्हणाले, त्याचं झालं की ती जागा तुमची. सज्जन माणूस. माझा आराखडा त्यांनी लाल पेनानं इतक्या प्रेमानं खरडला होता की मला वाटलं, आता जमलं. त्या विद्यार्थ्याला प्रबंध द्यायला उशीर झाला. त्यानं दिला तोवर समितीची बैठक पुढे गेली. मग निवडणूक आली. मग परीक्षा आल्या. मधल्या काळात मी त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागले, जिथून बाबा निवृत्त झाले होते. तासिका तत्त्व म्हणजे तास घेतला तर मॅडम, नाही घेतला तर कुणीच नाही.

बैठकीची तारीख आली तेव्हा सरांची निवृत्तीही आली होती. निवृत्तीला टेकलेल्या गाइडला नवीन विद्यार्थी मिळत नाही, हा नियम. सरांनी मला घरी बोलावलं. त्यांच्या पत्नीनं पोहे केले. सर म्हणाले, "मी तुम्हाला आधीच नाही म्हणायला हवं होतं." मला त्यांच्यावर रागावता आलं असतं तर बरं झालं असतं. पोहे गार होईपर्यंत मी बशी हातात धरून होते. 

तोवर चौकातला फ्लेक्स उतरून आमच्याच घरी आला होता. बाबांनी तो मागच्या बाजूला सरपणावर टाकला. प्लास्टिक चांगलं जाड होतं. पावसाळ्यात लाकडं कोरडी राहायची, आणि मी चूल पेटवायला गेले की माझंच हसणारं तोंड बाजूला सारून लाकूड काढायचे.

अल्लीपूरची एक मुलगी आमच्या अभ्यासिकेत यायची. माझ्यापेक्षा लहान, कष्टाळू, बोलायला अगदी मऊ. विषय गृहविज्ञान, गाइड मिळत नव्हता. त्या मॅडमकडे जागा आहे हे मीच तिला सांगितलं. तिला जिनिंगमध्ये मीच घेऊन गेले, बायांची ओळख करून दिली, दाराच्या जागेची रीतही सांगितली. यात मोठेपणा काही नाही, कुणाचं तरी काम व्हावं एवढंच वाटलं. एक दिवस आई घरी आली आणि बोट पुढे केलं. "तुही मैत्रीण आलती. बोटाले टोचलं अन् केळ देल्लं. मले म्हने, मावशी, तुमच्यात रक्तच नाई." आणि हसत हसत खोकत राहिली.

त्या मुलीचं काम झालं. लवकर झालं, मॅडम म्हणाल्या होत्या तसं. तिचा व्हायवा आमच्याच कॉलेजात ठेवला. मला मत्सर वाटला का? वाटला.  ती पेढे घेऊन आमंत्रण द्यायला आली तेव्हा मी तिला मिठी मारली, आणि त्या मिठीतही तो होता.

ती गेल्यावर बाबा म्हणाले, "मी येतो."

"बाबा, माझा नाही आहे तो."

"माहीत आहे मले. खुला असते ना? कोनीबी बसू शकते." मग म्हणाले, "बसून कसं दिसते ते पाहून घेतो. माह्या डोयाचं काई खरं नाई आता."

एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्यात काहीतरी त्याहून वाईट.  आईनं त्यांचा पांढरा सदरा इस्त्री करून आणला. ती स्वतः येणार नव्हती. हंगाम चालू होता.

त्या दिवशी सकाळी बाबा माझ्या गाडीवर मागे बसून कॉलेजात आले. फाटकावर नवीन वॉचमन होता, त्यानं ओळखलं नाही. हॉलमध्ये मुलीकडचे लोक आधीच येऊन बसले होते. बाबा दाराजवळ गेले आणि तिथे थबकले. जन्मभराची जागा ती. मी त्यांना कोपराला धरून पहिल्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवर बसवलं. ते अगदी टोकावर बसले, पाठ न टेकता. मी म्हटलं, "नीट बसा." त्यांनी हळूच पाठ टेकवली. मला एवढं भरून आलं की मी पंखा लावायच्या निमित्तानं बाजूला गेले.

तेवढ्यात विभागप्रमुख आले. त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं. शिपायांची पदं रिकामी होती, एकच जण उरला होता आणि तो परीक्षकांना आणायला बसस्टँडवर गेला होता. "मॅडम, जरा चहाचं बघाल का? आज कुणीच नाही हो." त्यांचा हेतू वाईट नव्हता. कायम नोकरीवाल्यांना सांगता येत नाही, तासिकावाल्यांना येतं. मी हो म्हटलं.

बाहेरचे साहेब आले. मुलीनं पडद्यावर तक्ते दाखवले. वय, आहार, लोहाचं प्रमाण. त्यातल्या एका तक्त्यात माझी आई होती. कुठल्या रेघेत, ते कळायला मार्ग नव्हता. साहेबांनी दोनचार प्रश्न विचारले, तिनं नीट उत्तरं दिली. मग त्यांनी प्रबंध मागे चाळत पहिली पानं काढली.

"हे प्रस्तावनेत तुम्ही दाराजवळच्या जागेचं लिहिलंय. बायका आपापसात जागा बदलतात, गरोदर बाईला दार देतात. हे फार विलक्षण आहे. हे कुठे मिळालं?"

मुलीनं दाराकडे पाहिलं. मी तिथे उभी होते, हातात भरलेला ट्रे. ती म्हणाली, "सर, आमच्या एका ताईंनी सांगितलं. त्या..."

"अच्छा," साहेब म्हणाले. "यावर कुणीतरी स्वतंत्र काम करायला पाहिजे. फार चांगला पीएच.डी.चा विषय आहे." आणि पुढचं पान उलटलं. गाइड मॅडम खाली बघत होत्या.

विभागप्रमुखांनी मला खूण केली, चहा आणा. मी आत आले.  दारातून आत आलं की पहिली खुर्ची बाबांची लागते. मी त्यांच्यापुढे थांबले. मुद्दाम थांबले म्हणा. या हॉलमध्ये आजवर ज्यांनी इतक्यांना चहा दिला त्यांना निदान आज पहिला कप मिळावा असं मला वाटलं. मी वाकून ट्रे पुढे केला.

बाबांनी कपाला हात लावला नाही. त्यांना माझं तोंड नीट दिसत नसावं, पण ट्रे दिसत होता. इकडेतिकडे पाहून ते अगदी हळू म्हणाले, "पयले बाहेरच्या सायबाले."

मी साहेबांना दिला. मग मॅडमना, मग प्राचार्यांना, मग बाकीच्यांना, त्यांच्याच क्रमानं. मुलीला दिला नाही. परत बाबांपाशी आले तेव्हा एकच कप उरला होता आणि बशीत चहा सांडला होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला. समोर निकाल सांगितला, टाळ्या सुरू झाल्या, मुलीची आई डोळे पुसत उठली, लोक पुढे धावले. बाबा खुर्चीवरच होते, पहिल्या लाइनीत, पाठ टेकून. त्यांनी एक घोट घेतला आणि माझ्या हातातल्या रिकाम्या ट्रेकडे पाहिलं.

"ट्रे छातीजवळ धरत जाय, पोरी," ते म्हणाले. "मंग सांडत नाई."

मी हो म्हटलं.